आजोळ आणि घर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तिच्यात इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. राजे, लढाया आणि तह यांवर जाणत्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात माझ्यासारखीने काय भर घालायची? पण नाही म्हणून घरी आले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवातली एक गोष्ट आठवली. ती मनातून जाईना. शेवटी तिच्यावरच लिहावे असे ठरवले.

त्या दिवशी एका भगिनीला वाण देताना मी सहज विचारले, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?"

त्या म्हणाल्या, "जाफराबादच्याच."

त्यांच्या घराण्याचे कोणी पूर्वज परप्रांतातून इकडे आले, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी पुन्हा म्हटले, "तसे नव्हे, अगदी मूळच्या?"

"माहेर जालन्याचे, सासर इथले. यजमानांचे आजोबासुद्धा याच गावात जन्मले. काकू, आणखी किती मागे जाऊ?"

त्या हसल्या, पण ते हसणे ओठांपुरतेच होते. मी वाईट मनाने विचारले नव्हते. तरीही माझ्या एका प्रश्नाने त्या बाईंना त्यांच्याच गावात क्षणभर पाहुणी करून टाकले, हे मला घरी आल्यावर उमजले. 'मूळ' म्हणजे नेमके काय, आणि ते विचारण्याचा अधिकार कोणाला, याचा विचार तेव्हापासून सुरू झाला.

खरे म्हणजे आपल्या भागात हा प्रश्न विचारणाऱ्यानेच जरा जपून राहावे. पूर्णा आणि केळना या नद्यांकाठच्या आपल्या गावाचे नावच मुळी जाफरखान या मोगल सरदाराच्या नावावरून पडलेले आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी घराचा उंबरा न सोडता चार राज्ये पाहिली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या निजामाच्या प्रजाजन होत्या. मग स्वतंत्र भारतातल्या हैदराबाद राज्याच्या नागरिक झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्या. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राच्या झाल्या. पुढे १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून निघून आपला तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. चूल तीच, विहीर तीच, शेताचा बांध तोच. पाटीवरचे नाव मात्र बदलत गेले.

आणि लेकीबाळींचे तर विचारूच नका. आपल्या शेजारीच देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि चिखली. तिकडची मुलगी इकडे दिली की "वऱ्हाडातली पोर मोगलाईत दिली" असे म्हणत. अंतर थोड्या कोसांचे. पण तिकडे इंग्रजांचा अंमल, इकडे निजामाचा. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का. जात्यावरच्या ओव्या दोन्हीकडे त्याच. अशी सीमा ओलांडून आलेली मुलगी वऱ्हाडी की मोगलाईतली? तिची मुले कुठली? हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते: मुले इथली, आणि आई तिकडची. मुलांना तिकडे आजोळ.

हा 'आजोळ' शब्द वाचकभगिनींनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. त्याआधी मी तुम्हाला समुद्रापलीकडे नेणार आहे. कारण पूर्वजांचा वारसा आणि आजचा देश यांचे नाते काय असावे, हा प्रश्न एका लहानशा देशाने उघडपणे मांडला आहे; आपल्या कायद्यात, शाळेत, जनगणनेत, इतकेच काय, नोटांवरसुद्धा मांडला आहे. आणि त्या देशात आपल्या मराठी माणसांची वस्ती आहे. तो देश म्हणजे हिंदी महासागरातला मॉरिशस.

मॉरिशस आकाराने आपल्या जालना जिल्ह्याच्या सुमारे पाव. ज्या १५९८ साली आपल्या शेजारी सिंदखेडला जिजाऊंचा जन्म झाला, त्याच साली डच दर्यावर्दी त्या निर्जन बेटावर उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस हे नाव दिले. म्हणजे या देशात 'मूळचे' असे कोणीच नाही. डच गेले, १७१५ साली फ्रेंच आले, १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या काळात ऊस आणि साखर हाच तिथला मोठा धंदा झाला, आणि उसाच्या मळ्यांत राबत होते ते मादागास्कर, मोझांबिक इत्यादी ठिकाणांहून धरून आणलेले गुलाम.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे अशी कराराने तिथे गेली. त्यांत बिहार आणि पूर्वेकडील मुलखातली सर्वांत जास्त. त्याखालोखाल मद्रासकडची तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसे, त्यांतली पुष्कळशी कोकणातली. काही करार संपवून परतली, पण बहुतेक तिथेच राहिली. दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून मुकादमांनी नेले, ही आठवण तिथे अजून घरोघर सांगतात. सोने कसले? ऊस तोडण्याचे काम, कामावर गेले नाही तर मजुरी कापलेली, आणि मळा सोडून जायला परवाना लागायचा.

बंदरावर उतरले की दगडी पायऱ्या चढून नोंदणीच्या कचेरीत जायचे. ती जागा आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखली जाते आणि २००६ सालापासून ती जागतिक वारसा म्हणून जपली जात आहे. तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, जात, गाव लिहून घेतले जाई. पुढे पुढे छायाचित्रही काढून ठेवू लागले. लिहिणारा कारकून परका, सांगणारा निरक्षर आणि घाबरलेला. त्यामुळे गावांची नावे ओळखू येणार नाहीत अशी लिहिली गेली. आडनाव विचारण्याची पद्धत नव्हती; म्हणून आजोबांचे नाव तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. आज तिथे मराठी घराण्यांची जी आडनावे आहेत, त्यांतली अनेक म्हणजे खरे पाहता कुणा एका कष्टकरी आजोबाला घरी मारलेली हाक आहे. त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. पणतू-खापरपणतू तिथे जातात, क्रमांक शोधतात, आणि एका ओळीत आपल्या पूर्वजाला भेटतात.

आरंभी जाणाऱ्यांत बायका फार थोड्या होत्या. पुढे सरकारलाच दर जहाजामागे स्त्रियांचे काही प्रमाण ठरवून द्यावे लागले. त्या बायांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येते. पण आज तिथे जे काही टिकून आहे ते पाहिले, की त्यांचा हात ओळखू येतो. १८९६ साली हेन्रिएटा गावात एका मराठी घराने गणपती बसवला. आज गणेशचतुर्थी हा तिथला सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचतात. मोदक होतात. आणि केवळ मराठीच नव्हे: बिहारकडच्या बाया लग्नाआधी जी गाणी म्हणत, ती 'गीत गवई' म्हणून २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली. जात्यापाशी आणि चुलीपाशी म्हटलेले शब्द एवढ्या मोठ्या दरबारात जाऊन बसले, याचे आपल्यासारख्या मंडळातल्या बायकांना अप्रूप वाटावे.

भाषा मात्र मागे पडली. मराठी वस्ती थोडी आणि विखुरलेली. मळ्यावर सगळीकडे भोजपुरी चाले. मग मराठी घरांतली मुले भोजपुरी बोलू लागली, आणि पुढे सगळ्यांचीच मुले क्रेओल बोलू लागली. क्रेओल म्हणजे गुलामांनी आणि मालकांनी एकमेकांशी बोलताना घडलेली, फ्रेंच शब्दांची पण स्वतंत्र वळणाची भाषा. कुणाच्याही देशाहून ती आली नाही. ती तिथेच जन्मली. मॉरिशसच्या जनगणनेने भाषेबद्दल दोन निराळे प्रश्न विचारले आहेत: "तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती?" आणि "तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?" पहिल्या प्रश्नाला 'मराठी' असे उत्तर देणारी माणसे हजारोंनी निघाली, दुसऱ्या प्रश्नाला तेच उत्तर देणारी त्यांच्या मानाने फारच थोडी. आपल्याकडे एका 'मातृभाषा' शब्दात ही दोन्ही उत्तरे सामावतात. तिथे आईची भाषा एक आणि पूर्वजांची दुसरी, असे झाले. आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे कागदावर मांडले, याचे मला कौतुक वाटते.

आता देशाचा प्रश्न. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. दांडीयात्रा निघाली ती १९३० सालची तारीखही हीच. पण हे स्वातंत्र्य एकमुखाने आलेले नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. बहुसंख्य भारतीय वंशाचे लोक राज्य करतील आणि आपले काय होईल, ही भीती इतरांना होती. ती भीती शमावी म्हणून राज्यघटनेत एक तजवीज केली. निवडून आलेल्या ६२ जणांखेरीज आठ जागा अशा ठेवल्या, की ज्या समाजाचे प्रतिनिधी कमी पडले त्यांच्यातून त्या भरायच्या. त्यासाठी देशातल्या माणसांचे चार गट मानले: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण'. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याने आपला गट जाहीर केलाच पाहिजे, असा नियम झाला.

हेतू चांगला होता. पण पूर्वजांचे मूळ एकदा सरकारी खान्यात बसवले की काय होते ते पाहा. 'सर्वसाधारण' या एकाच खान्यात गोऱ्या मळेवाल्याचा नातू आणि त्याच्या गुलामाचा नातू शेजारी-शेजारी बसले. 'हिंदू' या खान्यात तमिळ, तेलुगू, मराठी मंडळींना गुदमरल्यासारखे होऊ लागले आणि ज्याने-त्याने आपापले निराळेपण सांगायला सुरुवात केली. १९७२ नंतर जनगणनेत समाज विचारणेच बंद केले. पण त्या आठ जागा मात्र १९७२ च्याच आकड्यांवर भरल्या जात राहिल्या. काही तरुण उमेदवारांनी सांगितले, "आम्ही मॉरिशसचे आहोत, दुसरा खाना आम्हाला भरायचा नाही." त्यांचे अर्ज नाकारले गेले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले, आणि २०१२ साली समितीने त्या उमेदवारांच्या बाजूने मत दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत मिळाली; कायमचा तोडगा मात्र त्या वेळी निघाला नाही. "आणखी किती मागे जाऊ?" हाच तो प्रश्न, आपल्या हळदीकुंकवातला.

दुसरी गोष्ट नोटांची. मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आणि मग हिंदी, असा जुना क्रम होता. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या त्यांत हिंदी वर आणि तमिळ खाली गेली. तमिळ वंशाच्या लोकांत मोठा क्षोभ झाला. शेवटी त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाच्या नव्या नोटा काढाव्या लागल्या. आपण म्हणू, एवढ्याशा ओळीसाठी एवढे भांडण? पण आपल्या घरी पंगतीला पाटाचा क्रम चुकला तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. दुखते ते पाटासाठी नव्हे. 'आम्ही या घरचे आहोत की नाही?' यासाठी दुखते.

आणि या सर्वांत अधिक दुखावलेले कोण, तर ज्यांना सांगण्याजोगे मूळच ठेवले गेले नाही ते. गुलामांची नावे मालकांनी बदलली, कुटुंबे तोडली, भाषा विसरायला लावल्या. त्यांच्या वंशजांपुढे "तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती?" असा कागद आला की त्यांनी काय लिहायचे? शाळेत भारतीय वंशाच्या मुलांना हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी शिकण्याची सोय. चिनी मुलांना चिनी. या मुलांची भाषा क्रेओल, आणि तिला शाळेत जागा नव्हती. फेब्रुवारी १९९९ मध्ये या समाजातला एक लोकप्रिय गायक पोलिसांच्या कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगल उसळली. त्या आगीमागे गरिबी होती, तशीच वर्षानुवर्षांची ही उपेक्षाही होती, असे जाणते सांगतात. पुढे २०१२ साली क्रेओल हा विषय प्राथमिक शाळेत आला, पण तो पूर्वजांच्या भाषांच्या रांगेत, त्यांना पर्याय म्हणून. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या आईवडिलांनी ठरवायचे: पूर्वजांची भाषा घ्यायची की सगळ्या देशाची? एखाद्या मराठी घरातल्या आईला त्या दिवशी काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आता त्या 'आजोळ' शब्दाकडे येते.

परदेशी गेलेल्यांचा वारसा म्हटला की आपण सहज माहेराची उपमा देतो: जुना देश माहेर, नवा देश सासर. पहिल्या पिढीपुरते ते खरे आहे. बोटीतून उतरलेली जी बाई आयुष्यभर कोकणातला आपला ओढा आठवत राहिली, तिचे ते माहेरच होते. पण तिच्या मुलांचे? नातवंडांचे? ती तर तिथेच जन्मली. आईचे माहेर हे मुलांचे माहेर नसते. मुलांचे ते आजोळ असते. मला वाटते, सगळा घोटाळा या दोन नात्यांची गल्लत झाल्यामुळे होतो.

आजोळ ही काय चीज आहे, हे मराठी बायकांना सांगायला नको. आजोळी लाड होतात. गोष्टी, गाणी, नाकाची ठेवण आणि हाताची चव आजोळहून येते. मामाने बोलावले की मुले धावत जातात. पण शाळेच्या दाखल्यावर गाव लिहायचे ते घरचे. घर गळू लागले तर कौले घरचीच शाकारायची. घरचा आणि आजोळचा तंटा झाला म्हणून मुलाला "तू कोणाचा?" असे कोणी चौकात उभे करून विचारत नाही, आणि विचारले तर ते त्या मुलावर क्रौर्य होते. आता कायद्याने लेकीलाही वडिलांच्या जमिनीत वाटा आहे, तो तिने घ्यावा. मी वाट्याविषयी बोलत नाही, ओढीविषयी बोलते आहे.

हे नाते सरकारांनाही हळूहळू कळू लागले आहे असे दिसते. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीयांचे ओळखपत्र मिळू शकेल, असे तिथे जाहीर झाले. या ओळखपत्रावर हवे तेव्हा यावे, राहावे. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे अगदी आजोळासारखे झाले: सुटीत खुशाल या, पण कारभार आपल्या घरी करा. २०२३ साली तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला, तोही याच नात्याने. तो पाहून अभिमान बाळगणारा मराठी मुलगा दुसऱ्या दिवशी चौरंगी झेंड्याला वंदन करतो, यात विसंगती मला तरी दिसत नाही.

कोणी विचारील, आजोळ एवढे गोड तर तिथेच जाऊन का राहू नये? त्याचेही उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली. शतकानुशतके अलिबागच्या आसपास राहिले, तेल गाळले, मराठी बोलले, शनिवारी घाणा बंद ठेवून धर्म पाळला. १९४८ साली इस्रायल झाल्यावर त्यांतले बहुतेक पुढच्या काही दशकांत तिकडे गेले. पूर्वजांच्या भूमीत, म्हणजे जवळजवळ देवाच्या घरी जावे तसे. तिथे १९६० नंतर धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहसंबंधांबद्दल शंका काढली आणि त्यांच्या पूर्वजांची चौकशी सुरू केली. या मराठी ज्यूंनी चळवळ केली, धरणे धरले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूने बोलावे लागले. पूर्वजांच्या घरी जाऊनही "तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न सुटला नाही! आणि गंमत अशी, की तिथे गेल्यावर मराठी हेच त्यांचे आजोळ झाले. तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. पुरणपोळी आणि मलिदा तिथल्या घरांत पोचला.

यावरून मला दोन गोष्टी दिसतात. एक, आजोळ कोणी कोणाचे पुसू नये. ज्यांचे पुसले गेले, त्या गुलामांच्या वंशजांचे दुःख पाहिले म्हणजे वारसा ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे हे कळते. दुसरी, आजोळ कोणाच्या अंगावर फेकू नये. "जा तुझ्या आजोळी" असे आपण मुलाला रागाच्या भरातही म्हणत नाही. मग सात पिढ्या राहिलेल्या माणसाला "तुमचे मूळ तिकडे" हे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि या दोन्हींच्या मध्ये एक चांगली वाट आहे, ती मला मॉरिशसच्या रस्त्यावरच्या एका पदार्थात दिसते. तिथे 'डालपुरी' नावाची पोळी मिळते. डाळ शिजवून, वाटून, पोळीत भरलेली. आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण म्हणा ना. पूर्वेकडच्या मजूर बायांनी ती नेली. आज गाडीवर उभे राहून ती सगळे खातात: हिंदू, मुसलमान, चिनी, गोरे, क्रेओल, वर घेवड्याची भाजी आणि चटणी घालून, दोन-दोन घेऊन. कोणी तिला बिहारी म्हणत नाही, ती मॉरिशसची. त्याच देशात १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुटी असते आणि २ नोव्हेंबरला मजूर आल्याची. एकाचे दुःख आणि दुसऱ्याचे कष्ट, दोन्ही सगळ्या देशाच्या पंचांगात. ज्याचे आजोळ त्याला राहिले, आणि त्याचा घास सगळ्या घराने खाल्ला.

तर भगिनींनो, आता आपल्या गावाकडे येते. आपल्यात कोणाचे पूर्वज मारवाडाकडून आले, कोणाचे तेलंगणातून, कोणाचे उत्तरेकडून फौजेबरोबर, कोणाचे दुष्काळात घाटाखालून. आणि आपण निम्म्याहून अधिक बायका तर परगावाहूनच इथे आलो. "मूळ कुठले?" हा प्रश्न वाईट नाही. तो कोणत्या स्वरात विचारला, यावर सारे आहे. "तुमचे आजोळ कोणते?" असे विचारले तर बाई हसून तासभर बोलते. "तुम्ही खऱ्या इथल्या आहात का?" असा वास त्याला आला, की ती मुकाट्याने वाण घेऊन घरी जाते. माझ्या प्रश्नाला तो वास आला होता, हे मी इथे कबूल करते.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या वर्षी आपण एक जाड वही घालू. प्रत्येक सभासद भगिनीने आणि शेजारणीने तिच्यात एक पान लिहावे: आजीचे नाव, तिचे गाव, ती कशी आली, तिच्या हातचा एक पदार्थ, आणि आठवत असेल तर तिच्या तोंडची एक ओवी, मग ती कोणत्याही भाषेतली असो. लिहिता येत नसेल तिच्यासाठी दुसरीने लिहावे. नाव चुकीचे लिहिले जाणार नाही एवढे मात्र पाहावे. आप्रवासी घाटावर काय झाले ते आपण वाचलेच आहे. ज्या बाईला मागचे काही ठाऊक नसेल किंवा सांगायचे नसेल, तिने फक्त 'जाफराबाद' एवढेच लिहावे. ते पानही पूर्ण धरावे.

त्या भगिनींच्या घरी मी मागच्या आठवड्यात जाऊन आले. वहीची गोष्ट सांगितली. त्यांनी चहा ठेवला, आणि मी काही न विचारताच आपल्या आजेसासूबाईंच्या हातच्या लोणच्याची कृती सांगायला बसल्या. वहीचे पहिले पान त्यांनाच द्यावे, अशी माझी विनंती आहे.